टप्पा

एकतीस वर्षं बेळगाव–चंदगड गाडी मारली,
त्यामुळं उघड्या टपाच्या जीपमध्ये उभा राहिलो
तर हात आपसूक वर गेला, दांडी धरायला.
दांडी नव्हती. आभाळ होतं.
भागीरथी म्हणाली, बसा की खाली, पडशीला.

सिंह दोन दिवस शोधला.
सापडला तो आमच्याच गाडीच्या सावलीत,
डेपोत दुपारी ड्रायव्हर झोपतो तसा,
एक पाय वर, तोंड उघडं.
जावई फोटोसाठी हातवारे करायला लागले.
म्हटलं, झोपू दे. रात्रपाळी असेल.

मग नदी.
पलीकडं ती जनावरं:
रेड्याचं तोंड, घोड्याची शेपटी, बोकडाची दाढी,
उरल्यासुरल्या सामानातनं देवानं जोडल्यासारखी.
मी मोजायला लागलो. खोड.
साठ, एकशे वीस, म्हणजे दोन गाड्या, दहा गाड्या,
मग वेबिल मिटलंच.
सगळी मागनं ढकलतात, पुढं कुणी होत नाही,
आणि माझ्या तोंडून गेलं,
मुंदक होग्री, मुंदक होग्री!

सांकाले नावाचा ड्रायव्हर वळून बघायला लागला.
रेणुकानं त्याला समजावलं, आमच्यात गर्दीला असं म्हणतात, कन्नडात.
तो हसला. आमच्यात म्हणतात, सोंगा म्बेले.
एवढं एकच स्वाहिली घेऊन आलोय.

संध्याकाळी त्यानं गवतातला पांढरा दगड दाखवला.
इकडं केनिया, तिकडं टांझानिया.
कधीकधी चित्ता येऊन बसतो म्हणे त्याच्यावर.
आज नुसती लीद होती,
दोन्ही बाजूला, ओली.

परतीचं तिकीट ॲमस्टरडॅमवरनं स्वस्त पडतं, असं जावयांचं गणित.
एका दिवसाच्या व्हिसाला बेंगळूरच्या दोन खेपा झाल्या,
ते गणितात नव्हतं.
गावभर कालवे. भागीरथी स्वेटरात हात खुपसून म्हणाली,
एवढं पाणी, आन् एकाचं शेत भिजंना.
पुतण्या सुधन्वा तिथंच असतो.
म्हणाला, काका, चला, बेल्जियममध्ये बटाटे खाऊ.
बटाटे खायला परदेशातनं परदेशात!
गाडीत बसलो, सपाट रस्ता, डोळा लागायला आला.
विचारलं, कधी यायचं रे तुझं बेल्जियम?
मघाशीच आलं की काका, वीस मिनिटं झाली.

कुणी शिट्टी मारली नाही.
कुणी म्हटलं नाही, बाचीवाले उतरा.

बटाटे चांगले होते. गरम, कागदाच्या पुडीत.
तिसरा तोंडात घातला आणि चांगुणाआक्का आठवली,
रताळ्याचं टोपलं घेऊन जायची ती.
बाचीपर्यंत एक दर. पुढं शिनोळी, दुसरं राज्य, दुसरा दर.
दर पंधरवड्याला भांडायची,
माझं म्हायार हिकडं, सासर तिकडं,
मी कुटल्या दराची रं कंडक्टर?
मी नियम दाखवायचो. नियम छापलेला होता.
शेवटी ती बाचीलाच उतरायला लागली,
चार रुपये वाचवायला.
आणि पुढच्या वळणावर आमची गाडी तिला ओलांडून जायची,
अर्धी रिकामी,
ती कडेच्या धुळीत उभी, टोपल्याला एक हात,
दुसऱ्यानं पदर नाकाला.
आत बसलेला मी पैसे जुळवत.

एकतीस वर्षांत एकदा डबल बेल मारायची राहिली नाही,
खरं सिंगल मारायला पाहिजे होती.

हिंडलग्यात घरी आलो तर दारात ही माणसं.
सिंह बघितला काय? बघितला.
लांबनं की जवळनं? जवळनं.
थंडी? लई.
बटाट्याचं भागीरथीच सांगते सगळ्यांना,
आकडा युरोतला, रुपये करून,
आणि प्रत्येक वेळी तो थोडा वाढतो.
मी ऐकत बसतो.
चांगुणाआक्का शिनोळीतल्या कुठल्या गल्लीची,
हे एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं.
उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊन बघतो.
तिकीट काढून.