दोन इंच जास्त

रविवार कारंजाच्या मागं, जिन्याखालच्या गाळ्यात
एकाच मशीनवर मी ब्लाउज शिवते आणि पडदे.
बाईचं माप घेताना टेप छातीवरून फिरतो,
खिडकीचं घेताना उन्हावरून.
बाकी हिशोब तोच.
दोन्हीकडं आत दाबून ठेवते दोन इंच जास्त;
बाया भरतात, कापड आटतं,
आणि मग लोक माझ्याच नावानं बोटं मोडतात.

हरसूलच्या सोनाबाई गावित
श्रावणात रानभाजीची पाटी उतरवतात माझ्या पायरीशी.
लुगडं गुडघ्याच्या वर.
मी एकदा म्हटलं, मावशी, खाली सोडून बघा की,
काठ किती छान आहे, दिसेल तरी.
त्या हसल्या. ‘मग आवणी कोन करल? तू?’
ती लांबी कुण्या शिंप्यानं बेतलीच नव्हती.
भाताच्या चिखलानं बेतली होती,
आणि त्याचं माप चुकत नाही.

सातपूरचे पगारे काका रिटायर झाले तेव्हा
कंपनीचे सहा निळे शर्ट घेऊन आले.
सोफ्याला कव्हर शिव म्हणाले.
पण खिसे उसवू नकोस.
आता एका खिशात टीव्हीचा रिमोट असतो,
एकात काकूंचा चष्मा,
आणि पाहुणा टेकला
की त्याच्या पाठीशी कंपनीचं नाव येतं.

मग गंगापूर रोडच्या अकराव्या मजल्यावरून
मृण्मयी निकुंभचा फोन आला.
तिच्याकडं एक फोटो होता, बर्फाच्या कुठल्या तरी देशातल्या खोलीचा:
राखाडी पडदे, पांढरी भिंत, एक खुर्ची,
फुलदाणीत एक वाळकी काडी.
‘अगदी असंच हवं.’
मी खिडकी बघितली. पश्चिमेची.
त्या देशात ऊन पाहुण्यासारखं येत असेल, चहा घेऊन जात असेल.
इथं ते भाडेकरू आहे, सामानसुमान घेऊन आलेला.
पण मी गप्प राहिले. माझे पैसे मीटरवर.
चार पडदे. विरळ. राखाडी.
जानेवारीच्या धुक्यात ते खरंच शोभले,
मला कबूल करावं लागलं.

रंगपंचमीला तिचा पोरगा जुन्या गावात गेला,
मित्राच्या गाडीवर मागं बसून, पांढऱ्या शर्टात.
रहाडीत उडी मारली. सगळेच मारतात.
बापे, पोरं, बँकेतले साहेब, भाजीवाले,
वर येतात ते एकाच पातेल्यात उकळल्यासारखे.
घरी आला तो पिवळा,
आणि आईनं काही म्हणायच्या आत
तोल सावरायला पडदा धरला.

तीन धुण्यांनंतर ती तो घेऊन माझ्याकडं आली.
‘एवढा भाग कापून टाक.’
मी कात्री उचलली.
‘थांब. उजेडात धर जरा.’

पंजा होता. पाच बोटं, अंगठा थोडा फरफटलेला.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, हा पिवळा कुठं मिळेल गं,
बाकीच्या तिघांना?
मी शेडकार्ड काढलं. हळदी, लिंबू, मोहरी, आंबा,
झेंडू, सोनेरी, अजून कितीतरी.
एकही नाही.
फुलं उकळून काढलेल्या रंगाला नंबर नसतो,
हे मलाही तेव्हाच कळलं.

येते म्हणाली, विचार करून.
आता मे निम्मा सरलाय.
माझ्या गाळ्याला खिडकी नाही,
म्हणून तो पडदा दाराला लावलाय, ती येईपर्यंत.
साडेपाचला ऊन जिना उतरून येतं
आणि तेवढ्या पंजातून आत पडतं,
सटाण्याच्या नवरीच्या ब्लाउजवर, माझ्या मांडीवर.

खाली उंबऱ्याशी मात्र फट राहते.
दोन इंच कमी पडतो तो.
आत दाबलेले आहेत, उसवले तर पुरेल.
पण ते तिचे आहेत.