काच

त्स्विकाऊच्या आमच्या शेडमध्ये दोन गाड्या आहेत.
एक आत मावते.
दुसरीचं नाक दाराबाहेर राहतं,
त्यावर मी मेणकापड टाकलंय,
थंडीत घोड्याच्या पाठीवर घोंगडी टाकावी तसं.

हॉर्ख, सदतीस सालची. आठ सिलिंडर एका रांगेत.
बॉनेटवर नाणं उभं करा, इंजिन चालू करा,
नाणं उभंच.
ट्राबांट, अठ्ठ्याऐंशीची. सिलिंडर दोन.
तिच्यावर नाणं आडवंही टिकत नाही.

दोघी याच गावात जन्मल्या.
मधे एक युद्ध, एक नवा देश आणि पत्र्याचा दुष्काळ,
म्हणून धाकटीचं अंग कापसाच्या चोथ्याचं, राळेत दाबलेलं.
माझे वडील झीगमार तिचे दरवाजे दाबायचे, पाळीगणिक,
आणि त्यांतले दोन स्वतःच्या अंगणात यावेत म्हणून
बारा वर्षं यादीत होते.

नावं मात्र ऐटीत ठेवली होती.
हॉर्ख म्हणजे आमच्या भाषेत 'ऐक'.
ट्राबांट म्हणजे सोबती, कुणाच्या तरी भोवती फिरणारा.

सोबतिणीत आम्ही पाच जण कोंबून बसायचो,
गुडघे हनुवटीला, तंबू टपावर, लोणच्याची बरणी माझ्या मांडीत.
पेट्रोल किती उरलं ते काठी बुडवून बघायचं,
ओर्ट्रून आत्या ती काठी स्कार्फला पुसायची
आणि आठवडाभर तिला केसांतून वास यायचा.
त्या खडखडाटात कुणाचं कुणाला कळत नसे.
तरी सगळे बोलायचे, थेट बाल्टिकपर्यंत.
आई विचारायची एक,
बाबा उत्तर द्यायचे तिसऱ्याच प्रश्नाचं.

'ऐक'मध्ये मधोमध काच आहे.
पुढची सीट चामड्याची, चिखल-पाऊस सोसणारी : तिथे आजोबा, शोफर.
मागे मखमल : गिरणीचे मालक, त्यांचे पाहुणे,
पुढे पुढे गणवेश.
टिशाउअरबाईंचं बटणांचं दुकान
एका रात्रीत रिकामं झालं.
मी विचारलं, सतराव्या वर्षी, मग लग्नानंतर, मग इस्पितळात.
आजोबांचं वाक्य बदललं नाही :
"मी काचेच्या अलीकडे होतो. ऐकू येत नसे."

रविवारी श्टुटगार्टहून गिऱ्हाईक आलं.
पांढरे हातमोजे, टॉर्च, चाकाखाली आडवं होऊन बघणं.
"काच मूळची?"
मूळचीच, म्हटलं.
त्याने वहीतला आकडा खोडून मोठा लिहिला.
ट्राबांटला टेकून लिहिला, तिच्याकडे न बघता.

तो गेल्यावर मी भाच्याला, मालतेला, मखमलीवर बसवलं.
स्वतः पुढे बसले. काच वर केली, पार शेवटपर्यंत.
इंजिन चालू. नाण्याची शपथ, आवाज नाही.
"आता बोल काहीही. हळू."

"मावशी, इथे उंदराचा वास येतो,
आणि मला भूक लागलीय,
आणि तू रडणार आहेस का?"

प्रत्येक अक्षर.
उंदरातला अनुस्वारसुद्धा.

काचेवर त्याच्या नाकाची वाफ धरली होती.
"आलं का ऐकू?" तो विचारत होता, पुन्हा, मोठ्याने, उगाचच.

मी उतरले. ट्राबांट काढली,
निळा धूर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला.
स्टेशनजवळ सॉसेज मिळतात रात्री दहापर्यंत.
वाटभर मालते हातवारे करत काहीतरी सांगत होता,
मोठं, महत्त्वाचं असावं,
आणि मी मान डोलावत होते
एक शब्द न कळता.