डबा

डबा मीच ठेवला होता, खोटं कशाला बोलू.
वनस्पती तुपाचा, पाच किलोचा, कडा आत ठोकलेल्या,
चार नंबरच्या प्रेसखाली, डाव्या अंगाला.
रबाळ्यात तेव्हा आमच्या गल्लीला धड रस्ता नव्हता,
डोंगराकडे सुरुंग उडाला
की पत्र्यावर कुणी मूठभर खडी टाकल्यासारखं व्हायचं.

थेंब पडायचा. टप्. मग स्ट्रोक. मग टप्.
पहिल्याच आठवड्यात वर कळवलं होतं मी,
कागदावर, सही करून.
वरून उत्तर आलं: मशीन चालतंय ना?
चालत होतं.
मग मीही चालवून घेतलं.

अकरा वर्षं.
तीन वाजायला दहा कमी असताना
गुडघा टेकायचा, डबा सरळ ओढायचा,
न हिंदकळता पिंपापर्यंत न्यायचा.
हे काम कुठल्या कागदात नव्हतं, पण माझं होतं.
रजेवर जाताना रामसजीवनला बजावून जायचो:
अर्ध्याच्या वर भरू द्यायचा नाही,
वाकडा धरलास तर पँट गेली.
पिंप भरलं की शकूर भंगारवाला न्यायचा,
त्या पैशात खंडेनवमीची जिलेबी.
झेंडूची माळ प्रेसला, एक फूल डब्याला.
हसू नका, वाहिलं होतं आम्ही.

मग भिंतीवर फळा आला.
कुरियनसाहेबांनी आणला, हिरव्या चौकटीचा,
वर ठळक अक्षरांत: रोज थोडं बरं.
आम्ही म्हटलं, म्हणजे महिन्याभरात डिस्चार्ज.
खाली एक पेटी. आठवड्याने उघडली,
दोन चिठ्ठ्या निघाल्या.
एकीवर 'कॅन्टीनची डाळ'.
दुसरीवर 'कॅन्टीनची डाळ'.
डाळ खरंच दाट झाली,
तेव्हा माणसं पेटीकडे जरा वळून बघायला लागली.

आयटीआयची पोरगी, प्रणिता मढवी, घणसोलीची,
तिसऱ्या दिवशी डब्यापाशी उकिडवी बसली.
काका, हे का गळतं?
सील झिजतं.
का झिजतं?
शाफ्ट थरथरतो.
का?
पायाचा बोल्ट बसत नाही, तिथला कोबा खचलाय.
मग कोबा का नाही केला कुणी?
खचलेला दिसला पाहिजे ना, म्हटलं.
का नाही दिसला?

टप्.
आम्ही दोघंही डब्याकडे बघत होतो.

डबा होता म्हणून.
फरशी कोरडी राहायची, साहेबांचे बूट कोरडे जायचे,
अकरा वर्षं सगळ्यांच्या वतीनं डबाच उत्तर देत होता,
आणि ते उत्तर त्याला मी पढवलं होतं.

चिठ्ठी तिनं लिहिली. खाली नाव माझं टाकलं.
मी खोडलं. तिनं परत टाकलं.
तीन दिवस मशीन बंद, दोन गोणी सिमेंट, एक सील,
कुरियनसाहेब स्वतः बॅटरी धरून उभे,
कुठं धरायची ते न कळून आमच्याच डोळ्यांत मारत.
एवढंच होतं ते.
तेलाचा हिशेब मी मांडला नाही.
रामसजीवननं मांडला, जेवताना, मोठ्यानं.

फळ्यावर माझा फोटो लागलाय, डोळे मिटलेला.
डबा कुणी नेला, माहीत नाही. विचारलं नाही.
तीनला दहा कमी असताना अजून गुडघा वाकतो,
हात खाली जातो, खाली नुसती फरशी.
दहा मिनिटं तशीच उरतात.
त्यांचं काय करायचं ते फळ्यावर लिहिलेलं नाही.

काल तसाच उभा होतो.
पोरीनं सात नंबरला कान लावला.
काका, हा आवाज नेहमीचाच का?
चालतंय, म्हणणार होतो.
'च'साठी जीभ टाळूला लागलीसुद्धा होती.
म्हटलं, बॅटरी आण.
ती छोटी नको. माझी, वरच्या कप्प्यातली.