दूध आणायला

दूध आणायला निघाले होते.
श्रूजबरीच्या दुकानातून सायीच्या दुधाची बाटली घेतली,
आणि घराकडे वळायचं ते
वळलेच नाही.

वेल्शपूलला ग्विलिम गॅरेजात, कोपरापर्यंत काळा.
अशी कशी आलीस, वगैरे काही नाही;
उकिडवा बसला, मोटरसायकलची साखळी ताणून दिली.

मग घाट. मेंढ्या, धुकं,
हेल्मेटमध्ये माझाच श्वास.

मखन्लेथला सुधन्वाने थालीपीठ करपवलं.
कपाट अर्धं रिकामं.
चकार शब्द काढला नाही त्याने.
मीही.

आबरडवीला पुढे नुसतं पाणी.
मेरेरिदच्या दारावर आता दुसरंच नाव.
धक्क्यावर बसले; इंजिन टिकटिकत निवत होतं.
बाटली उघडून तोंडाला लावली.
दिवसभर धक्के खाऊन
बुचाला चिकटलेलं
नखाएवढं लोणी.