इथे काहीतरी होतं

ऑगस्टचा शेवटचा सोमवार, पुन्ता अरेनास.
वर्गातला हीटर म्हाताऱ्यासारखा खोकत होता
आणि मी म्हणाले, वह्या मिटा.
सगळ्या. आकृत्यांच्यासुद्धा.
कोरा कागद घ्या,
हृदयाबद्दल आठवेल ते लिहा.

सव्वीस चेहरे,
जणू मी त्यांची दप्तरं समुद्रात भिरकावली.
मिलेन्का गोइचची वही पानोपान पिवळी,
हळद लागल्यासारखी प्रत्येक ओळ,
आणि कागदावर एकच शब्द: रक्त.
"काल तर सगळं येत होतं," ती रडवेली.

येत होतं, बाई. समोर होतं तोवर.
ओळखीचं वाटणं आणि आठवणं
ही सख्खी भावंडं नव्हेत,
हे मलाही चाळिशीनंतर कळलं,
स्वयंपाकघरात रात्री,
कुणाच्या तरी प्रयोगांचे तक्ते वाचता वाचता
त्यावर सूप सांडलं तेव्हा.
एकोणीस वर्षं मी
पालथ्या घड्यावर
सुवाच्य अक्षरात पाणी ओतत होते.

यान्को बारिया, मागच्या बाकावरचा,
बापाबरोबर मेंढ्या सोलणारा.
त्यानं लिहिलं:
डावी भिंत जाड असते. बोट घालून पाहिलंय.
मग काढला एक चौकोन, रिकामा,
आणि खाली लिहिलं:
इथे काहीतरी होतं.

मी त्या चौकोनाला गुण दिले.

मग महिनाभर हृदयाचं नाव काढलं नाही.
विसरू दिलं मुद्दाम,
मळलेली कणीक झाकून ठेवावी तसं.
मधे सप्टेंबरची सुट्टी आली, पतंग आले,
अंगणाअंगणात कोकराच्या मांसाचा धूर.
मिलेन्काची आई आली, हातमोजे न काढता म्हणाली,
"तुम्ही शिकवत नाही, नुसतं विचारता."
मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, कोण जाणे.

पुन्हा कोरा कागद.
बाहेर वारा इतका, की चौकात
माणसं बांधलेल्या दोराला धरून
रस्ता ओलांडत होती.
मिलेन्कानं नऊ ओळी लिहिल्या, दोन चुकीच्या,
आणि माझ्याकडे रागानं पाहिलं.
यान्कोनं आधी चौकोन काढला.
पेन्सिल चावली. बराच वेळ.
मग लिहिलं: दार. एकाच बाजूला उघडणारं.

शब्द झडप असा हवा होता.
मी दार चालवून घेतलं.

त्या रात्री मीही एक कागद घेतला.
सूप सांडलेल्या त्या तक्त्यांत काय होतं?
चार ओळी आठवल्या.
मग एक चौकोन.