साडेतीन फुटांवर

मंजुरीचं पत्र आलं वीस फेब्रुवारीला,
खर्चाची मुदत मार्चअखेर.
एकोणचाळीस दिवस, चौदा खांब.
विजेच्या गाड्यांसाठी, रस्त्याकडेला,
फुटपाथ आहे तिथे फुटपाथवर.
नाही तिथे काय, ते पत्रात नाही.

टेप घेऊन निघालो.
दुसरं टोक बंडा खोताच्या हातात.

जागा क्रमांक सहा, सांगली, गणपती पेठेच्या मागची गल्ली.
डावीकडे रावसाहेब आवटींचा भडंगाचा गाडा,
उजवीकडे गटारीचं फुटकं झाकण,
आणि मध्ये, दुसऱ्या मजल्यावरून खाली आलेली
काळी वायर.
गजाला जुन्या साडीच्या काठानं बांधलेली,
टोकाला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला बोर्ड,
बोर्डाला स्कूटर.

स्कूटर सिस्टर मगदूम यांची.
मिरजेला रात्रपाळी करतात,
सकाळी आठला घरी.
मग त्यांची झोप आणि गाडीची झोप
एकाच मीटरवर.

पहिल्या मजल्याची तक्रार माझ्याच फायलीत आहे:
'सदर वायर आमच्या वाळत घातलेल्या
कपड्यांमधून जाते.'
वहीत लिहिलं, मागणी आहे.

नकाशा वरून आलेला, गुळगुळीत कागदावर.
सॉकेटची उंची, जमिनीपासून साडेतीन फूट.
रावसाहेब चुरमुरे परतत होते.
'सायेब,' म्हणाले, 'ते बघा की.'
आणि झारा वर केला.

भिंतीवर निळी रेघ. एकोणीस साल.
माझ्या डोक्याच्या वर वीतभर.
बंडानं उगाच टेप लावून पाहिला
आणि आकडा न सांगताच सोडून दिला.
टेप सर्रकन आत गेला.

मी लिहिलं: सांगलीत नदी गल्लीत येते,
तरी उंची वाढवावी,
अथवा पेटी काढून नेता येईल अशी असावी.
उत्तर अकरा दिवसांनी:
मंजूर नमुन्यात बदल अनुज्ञेय नाही.
बदल केल्यास अनुदान परत.

परत.
हा शब्द आला की आमच्या ऑफिसात
पंखेसुद्धा हळू फिरतात.

तीस मार्चला खांब उभा.
फोटो काढला, फोटोत तारीख आली,
अक्षांश रेखांश आले,
रेघ येणार नाही इतपत मी खाली वाकलो होतो.

मग जोडणी प्रलंबित.
एप्रिल, मे.
प्लास्टिकच्या वेष्टनातल्या खांबाला
रावसाहेबांनी कांद्याची पिशवी अडकवली,
कुणी शिकवणीची जाहिरात चिकटवली,
एक कुत्रं सावलीला येऊन निजू लागलं,
सावली वीतभर, कुत्रं मोठं.

जूनमध्ये एकदाचा हिरवा दिवा लागला.
त्या सकाळी मी मुद्दाम गेलो,
पाहणी म्हणून, असं स्वतःलाच सांगत.
सिस्टर आल्या, डोळे तांबारलेले,
प्लग लावला, दोनदा ओढून खात्री केली.
वर गेल्या.
आणि गॅलरीतून वायर हळूहळू वर चढली,
पहिल्या मजल्यावरच्या परकराला न शिवता,
विहिरीतून पोहरा यावा तशी.

'घरापेक्षा महाग पडतंय हो,' नंतर म्हणाल्या.
'पण वरचे पैसे झोपेचे धरते.
पूर्वी एक कान खालीच असायचा.'
वायर टाकून दिलीत का, मी विचारलं.
'छे. गुंडाळून ठेवलीय माळ्यावर.
तुमचा खांब बुडाला तर?'
हसल्या नाहीत.
मीही नाही.

जुलैत इलाही पेंटर आला,
पुसट झालेल्या रेघा दरवर्षीसारख्या गडद करायला.
भिंतीवरून निळा ब्रश सरकत खांबापाशी आला,
थांबला.
'ह्याच्यावर पण ओढायची का, सायेब?'
मी वर बघितलं, खाली बघितलं.
पेटी कुठल्या कुठे खाली.
तो समजला.
शिडीवरून वाकून
ब्रश पेटीच्या वरून, हात लांब करून नेला
आणि पलीकडे भिंतीला टेकवला.
दोन थेंब पडले हिरव्या दिव्याशेजारी.

मोजमाप वहीत लिहिलं:
पूररेषा रंगविणे, चार मीटर.
थेंब धरले नाहीत.