विषय क्रमांक चार

अकरा माणसांची बैठक म्हटलं
की हॉलवाले फोनवर हसतात.
"मॅडम, पन्नासच्या खाली आम्ही पंखेही लावत नाही."
मी वही मिटते, चपला घालते
आणि गांधीसागरच्या कठड्याकठड्याने
पावलं मोजत निघते.

स्टेशनपासून तलाव, चालत वीस मिनिटं.
माझी वीस.
गोंदियाच्या ताराचंद बोपचेंचा गुडघा धरला
तर पस्तीस, आणि मधे एक चहा.
कार्यक्रम सगळ्यात हळू माणसाच्या पायाने आखावा,
हे कुठल्या कोर्समध्ये नाही,
सासूबाईंसोबत भाजी आणताना कळलं.

वजनकाटे दुरुस्त करणारे हे सगळे.
तुमसर, वणी, पुसद, हिंगणघाट.
धान्याच्या अडतीवर, सोनाराच्या पेढीवर,
दवाखान्यात बाळं निजवतात त्या ताटाखाली,
आकडा जिथे खोटं बोलू लागतो
तिथे यांचा पेचकस पोचतो.

शेवटी तलावासमोरच्या एका लॉजची वरची खोली मिळाली.
खिडकीत पाणी.
टेबल एकच, त्याचा एक पाय आखूड.
हबीबभाईंनी आल्याआल्या
स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाची घडी करून खाली सारली,
मग सगळ्यांना सलाम केला.

विषय एक: प्रमाणित वजनांचा संच सामायिक घ्यावा. घेऊ.
विषय दोन: शिक्क्याची फी. निवेदन देऊ.
तीन: चहा आला.
चार मी स्वतः टाईप केला होता,
कै. महादेव निमजे यांच्या जागी
कन्या चेतना निमजे यांस सभासद करून घेणेबाबत.

कोणी चष्मा पुसला.
कोणी म्हणालं, आधी जेवून घेऊ राजेहो.

चेतना खाली जिन्याजवळ बसलेली,
मांडीवर बापाची हत्यारपेटी.
मी खुर्च्या बारा मांडल्या होत्या.
सेक्रेटरी उमाठेंनी एक उचलून भिंतीला लावली.
रागाने नाही;
जागा होत नाही, म्हणाले.

सावजी रस्सा मीच सांगितला होता, हे खरं आहे.
नाक वाहत असताना माणसाला
परंपरेवर फार बोलता येत नाही.
जेवल्यावर बसायला कोणी तयार नव्हतं,
म्हणून तलावाला चक्कर.
माझ्या कागदावर ते होतंच, अडीच ते सव्वातीन,
उमाठेंनी लाल पेनाने खोडलेलं:
"आपण सहलीला येतो काय?"

टेबलाशी सगळे एकमेकांकडे बघतात.
चालताना सगळे पुढे बघतात,
तेवढ्यानेही आवाज उतरतो.
बोपचे मागे पडले. चेतना त्यांच्या चालीने राहिली.
मी आणखी मागे, म्हणून सगळं ऐकलं नाही.
शेंगावाल्यापाशी ते थांबले.
पावभर घेतल्या, पुडी तिच्या तळहातावर ठेवली नुसती.

"कमी आहे," ती म्हणाली.
"किती?"
"काटा उघडल्याशिवाय कसं सांगू, काका?"

शेंगावाला चिडला. धंद्याचा टाइम आहे, ताई.
तोवर ती फूटपाथवर बसली होती,
पेटी उघडी, लोडसेलमधली माती फुंकरीने उडत होती
आणि अकरा माणसं भोवती वाकलेली, नुसते गुडघे आणि सल्ले.
"डाव्या कोपऱ्याचा स्क्रू आधी."
"माहीत आहे," वर न बघता.
कोणीतरी खिशातून पाचशे ग्रॅमचं पितळी वजन काढलं.
जेवायला जाताना माणूस वजन घेऊन जातो,
हे मी तेव्हा पाहिलं.

चार वाजता वर आलो.
एकमताने नाही. वणीचे लांजेवार तटस्थ राहिले,
तशी नोंद आहे.
इतिवृत्तात शेंगावाला बसत नाही.
मी लिहिलं, "चर्चेअंती मंजूर,"
आणि चर्चा या शब्दावर जरा वेळ पेन टेकवून ठेवलं.

भिंतीजवळची खुर्ची कोणी आणली, दिसलं नाही.
उमाठेंची मात्र सरकत सरकत
अर्धी दारात गेली होती.
तिथूनच म्हणाले,
"पुढच्या टायमाला मोठी खोली पाहजा."